टप कापण्याआधी

सावळाराम कुणाशीही बोलत असला की त्याचा उजवा तळवा कशावर तरी टेकलेला असतो. भिंतीवर, चहाच्या टपरीच्या फळीवर, उभ्या रिक्षाच्या दांडीवर. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा आधार घेतोय. तसं नाही. कानांनी त्याची साथ केव्हाच सोडली. उरलंसुरलं तो हाताने ऐकतो, आणि ऐकतो ते पत्र्यातून, लाकडातून, जमिनीतून येतं.

विशीच्या आत तो दिघाशीहून भिवंडीत आला तो लूमवर लागायला. पहिल्याच शिफ्टला मुकादमाने त्याला बाहेर काढलं. धागा तुटला की हा धागा जोडायचं सोडून लूमच्या पत्र्यावर कुठे पोचा आलाय ते चाचपत बसायचा. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये लूममालकाचा थोरला मुलगा यहया गाड्यांचे पत्रे ठोकायचा. घरचा कापडाचा धंदा धाकट्या सिराजवर टाकून तो या नादाला लागला होता. ताडमाड माणूस, दारातून वाकून यायचा. मुकादमाच्या शिव्या खात उभ्या असलेल्या पोराला त्याने पाहिलं आणि म्हणाला, इकडे ये, इथे पोचे शोधायचेच पैसे मिळतात.

त्यानंतर दोघं वेगळे झाले नाहीत.

पत्र्याचं काम जोडीचं असतं. बाहेरचा हातोडी मारतो आणि आतला माणूस नेमक्या त्याच जागी मागून लोखंडी ठोकळा धरतो. हातोडी आणि ठोकळा यांच्यामध्ये सापडून पत्रा सरळ होतो. सावळाराम बाहेर, यहया आत. हाक मारायची सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडे लूम चालू असायचे आणि त्या खडखडाटात स्वतःचा खोकलाही ऐकू यायचा नाही. म्हणून ठोके. बाहेरच्याने पत्र्यावर दोन ठोके मारले म्हणजे, ‘आत आहेस का?’ आतून एक ठोका आला म्हणजे, ‘आहे, थांब.’ आतून दोन आले म्हणजे, ‘खाली बसलोय, चालव.’ काहीच आलं नाही तर आत कुणी नाही.

ग्राइंडर लावताना किंवा वेल्डिंग करताना हे विचारायचंच, मग आतला माणूस बाहेर चहा पिताना डोळ्यांनी दिसत असला तरी. गल्लीतल्या एका गॅरेजात कुणी न विचारता ग्राइंडरचं कापायचं चाक लावलं होतं आणि आतल्या कारागिराची बोटं गेली होती. तेव्हापासून यहयाने हा नियम केला. नमाज चुकेल, पण हे चुकणार नाही, असं सावळाराम त्याला चिडवायचा. यहया म्हणायचा, नमाजाची कजा करता येते, चुकलेली नंतर पढून भरता येते; बोटांची कजा येत नाही.

शेडच्या कोपऱ्यात कोऱ्या कापडाखाली एक गाडी होती. यहयाच्या आजोबांची शेवरले. अवजड, गोल खांद्यांची, चार दरवाजांची. एके काळी घरातली प्रत्येक नवरी तिच्यातून गेली होती. मग इंजिन जाम झालं आणि गाडी तिथेच राहिली. यहयाला तिची हॉट रॉड करायची होती. म्हणजे टप कापून बुटका करायचा, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, मागे रुंद टायर घालायचे आणि सगळी गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची. त्याने शेडच्या भिंतीवर खडूने तिचं चित्र काढलं होतं. चित्ता उडी मारायच्या आधी दबतो ना, तशी दिसली पाहिजे, म्हणायचा. सावळारामने एकदा विचारलं, एवढ्या बुटक्या गाडीत तू मावशील कसा? यहया हसला आणि लूमच्या आवाजात काहीतरी बोलला. त्याचे ओठ सावळारामला त्या एका वेळी वाचता आले नाहीत.

गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून वेळ मिळेल तसं काम चालायचं. दुपारी जेवण आणि नमाज झाली की यहया त्याच शेवरलेत डुलकी काढायचा, डाव्या सीटवर, कारण उजवीकडे स्टिअरिंग त्याच्या गुडघ्यांना लागायचं. सावळाराम टपावर दोन ठोके मारून त्याला उठवायचा. आतून एक यायचा. थांब.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी सावळारामने दोन ठोके मारले आणि आतून काही आलं नाही. त्याने पुन्हा मारले. मग दार उघडलं.

जनाज्याला खांदा देणाऱ्यांत सावळाराम सगळ्यांत बुटका होता. त्याच्या बाजूने खाट झुकते म्हणून लोक त्याला बाजूला करत होते. तो झाला नाही.

यहयाची मुलगी नूरैन मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. तिथे सगळे तिला मॅडम म्हणतात, आणि तिच्या नखांत ग्रीस का असतं ते कुणी विचारत नाही. वेल्डिंग, गिअर, वायरिंग सगळं तिला येतं. लहानपणी बाहुलीच्या जागी तिच्या हातात नट खोलायचे पाने होते. चाळिसावा झाला तशी ती शेडवर आली आणि सावळारामला म्हणाली की गाडी पुरी करायची. घाईही होती. सिराजचाचा लूम भंगारात काढणार होते. पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही शेड पडून तिथे गोडाऊन उभं राहणार होतं. गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तर तिची, नाहीतर लूमबरोबर ती पण भंगारात, असं चाचांनी प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं होतं. बाहेर पडून जायचं कुठे, तेही ठरलं. दिघाशीला, सावळारामच्या अंगणात.

इंजिन झालं. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या जीपचं पेट्रोल इंजिन मानकोलीच्या मितेश मेकॅनिकने आणून बसवलं. टायर आले. राहिला टप.

कापायला शुक्रवार निवडला, कारण त्या दिवशी लूमला सुट्टी. भिवंडीत राहणाऱ्यांना ही शुक्रवारची शांतता ठाऊक आहे. ती आराम देत नाही. आपल्याच घरात कुणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटतं. शेडच्या पत्र्यातून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी खाली पडलं होतं. नूरैनने गाडीचा टप पेलणाऱ्या सगळ्या खांबांवर चार-चार बोटांची खूण केली. सावळारामने ग्राइंडर उचलला. आणि चाक लावण्याआधी, हाताच्या सवयीने, टपावर दोन ठोके मारले.

तळव्याखाली एक ठोका आला.

त्याने ग्राइंडर खाली ठेवला. नूरैनला म्हणाला, चाक वाकडं फिरतंय, दुसरं आणावं लागंल.

पुढच्या शुक्रवारी म्हणाला, खुणा तिरप्या झाल्यात. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याचं मनगट दुखत होतं. मितेशने नूरैनला हळूच सांगितलं की काकांचा हात आता थरथरतो, एवढा मोठा टप कापायची हिंमत त्यांच्यात राहिली नाही, दुसरा कुणीतरी बघ. नूरैनलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण बाकीचं काम बघितलं की ते पटायचं नाही. मडगार्ड, दरवाजे, डिकी, सगळं सावळाराम रोज एकटा ठोकत होता आणि पत्रा काचेसारखा येत होता.

एकटा.

हे तिच्या उशिराने लक्षात आलं. एका दुपारी मागच्या दाराचं आतलं अस्तर काढलेलं होतं म्हणून तिने टॉर्च मारून पाहिलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला ठोकळ्याच्या ताज्या, चकचकीत खुणा होत्या, एकीला लागून एक, ओळीने. बाहेर उभ्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. तिने स्वतःचा हात घालून बघितला. कोपरापर्यंत गेला आणि अडकला. खुणा त्याच्याही खूप आत होत्या.

ती बाहेर आली. सावळाराम ओट्यावर बसून बोटाने तंबाखू मळत होता. ती त्याच्या समोर उकिडवी बसली, म्हणजे त्याला तिचे ओठ दिसतील.

“काका, आतून ठोकळा कोण धरतं?”

सावळारामने तंबाखू मळणं थांबवलं नाही.

“काका.”

“तुला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “मग इचारतेस कशाला?”

“चाचा म्हणतात, लूममुळे जमीन हलते, म्हणून पत्रा वाजतो.”

“शुक्रवारी लूम बंद असतात.”

“मग रस्त्यावरचे कंटेनर.”

“कंटेनर माझ्या हातोडीखाली ठोकळा धरंल का, बाय? नेमका, केसभर इकडं न्हाय तिकडं न्हाय?” त्याने तंबाखू झटकली. “मी घाबरलेला न्हाय. एवढी वर्षं त्याच्यासंगती काम केलं, आता काय घाबरायचं? पण मी इचारतो, तो बोलतो थांब. आत माणूस हाय आणि मी चाक लावू?”

“मग विचारू नका ना.”

हे बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. सावळारामने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती गल्लीतल्या त्या गॅरेजातून आली आहे, जिथे बोटं गेली.

“न इचारता?” तो म्हणाला. “त्यानं शिकवलंय मला.”

मग नूरैन उठली. तिने ठरवलं होतं की हे आजच संपवायचं. ती स्वतः आत बसणार होती, डाव्या सीटवर. सावळारामने ठोके मारायचे आणि तिने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. उत्तर आलं नाही की त्यांनाही कळेल. तिने हे सगळं त्याला हातवाऱ्यांनी नीट समजावलं. त्याने बघितलं आणि फक्त एवढं विचारलं, तिथंच बसायला पायजे का? मागं बस की.

ती तिथेच बसली.

आत जुन्या रेग्झिनचा वास होता, आणि त्याखाली अत्तराचा. अब्बांचं अत्तर, पण ते गाडीत एवढी वर्षं झोपायचे, वास राहणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. दार लावलं. काच वर होती. बाहेर लूम चालू होते आणि तरी आत काहीच ऐकू येत नव्हतं, कानात कापूस भरल्यासारखं. सीटच्या मधोमध खड्डा पडलेला होता. ती त्यात सरकली आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी मांडीवर बसतोय. ती कडेला सरकली. सरकली हे तिला सरकल्यावर कळलं.

वरून दोन ठोके आले.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिने डोळ्यांनी बघितले.

एक ठोका आला. वरून नाही. तिच्या कानाशेजारून, टपाच्या आतल्या बाजूने, माणूस बसल्या जागी हात वर करून मारेल तिथून. अस्तरावरची धूळ तिच्या खांद्यावर पडली.

सावळाराम काचेतून तिच्याकडे बघत होता. त्याने दार उघडलं नाही. घाई केली नाही. ती स्वतःहून बाहेर येईपर्यंत तो तसाच टपावर तळवा ठेवून उभा राहिला, गाडी पळून जाऊ नये म्हणून धरल्यासारखा. ती आली, ओट्यावर बसली, बाटलीतलं पाणी प्यायली आणि थोडं तोंडावर मारलं.

तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. त्याऐवजी तिने त्याच्याकडे वळून, ओठ सावकाश हलवत, विचारलं:

“काका, अब्बा बसले की किती उंच व्हायचे?”

सावळारामला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो तिथेच ओट्यावर ताठ बसला आणि स्वतःच्या डोक्यावर हात आडवा धरला. मग त्यावर एक वीत. “एवढा. टोपी धरून.”

तिने टेप लावला. ती गोडाऊनमध्ये खोक्यांची मापं घेते तशीच, कोरड्या चेहऱ्याने. टप चार बोटं खाली येणार होता. त्यात अब्बांचं डोकं मावणार नव्हतं. तेच अडलं होतं. अब्बा नको म्हणत नव्हते, थांब म्हणत होते. मग टप खाली आणायचा तर जमीनही तेवढीच खाली न्यायची. डावीकडचा तळाचा पत्रा कापायचा, चासीच्या दांड्यांमध्ये परातीसारखा खोल भाग बसवायचा आणि सीट त्यात उतरवायची. रस्त्यापासून अंतर कमी राहणार होतं, पण हॉट रॉड म्हटल्यावर ते चालतं. उजवीकडे ती स्वतः बसणार होती; तिला उंचीचा प्रश्न नव्हता.

मितेशला फक्त इतकंच सांगितलं की डावी बाजू खोल हवी. तो म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या ठेवा, एका बाजूला खड्डा कोण करतं? नूरैन म्हणाली, आम्ही करतो.

तळाचं काम करताना सावळाराम दर वेळी विचारायचा, आणि गंमत अशी की तेव्हा एकदाही उत्तर आलं नाही. आत कुणीच नव्हतं. नूरैनने तेही विचारलं. सावळाराम खांदे उडवून म्हणाला, सीट काढलेली हाय, उभं राहायला लागंल म्हणून बाहेर गेला असंल. मग दोघंही शेडच्या रिकाम्या भागाकडे बघायचे नाहीत. जेवायला बसले की पाठ भिंतीला लावून बसायचे. पाण्याची बाटली मधे ठेवली की ती कधी कधी त्यांनी ठेवली होती त्याच्यापेक्षा दूर असायची, लांब हाताच्या माणसाला सोयीची पडेल तिथे. ती जवळ ओढून नूरैन पाणी प्यायची आणि परत तिथेच ठेवायची.

पलीकडे लूम निघायला लागले. रोज एक-दोन टेम्पो भरून जायचे आणि भिंतीपलीकडची खडखड रोज थोडी पातळ व्हायची. शेवटचे लूम गेले त्या दिवशी सावळारामने भिंतीला तळवा लावला आणि काढला. म्हणाला, भिंत मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टपाचं काम काढलं. सीट खाली बसवलेली होती. नूरैनने गोणपाट बादलीत बुडवलं, पिळलं आणि सीटवर पसरलं. आतल्या माणसावर ठिणग्या उडू नयेत म्हणून यहया आणि सावळाराम असंच ओलं गोणपाट घ्यायचे. ते पसरताना तिने मधे हात फिरवला नाही. कडा तेवढ्या ओढल्या.

सावळारामने ठोके मारले. दोन.

काहीच नाही.

नूरैन त्याच्याकडे बघत होती. त्याच्या तळव्याकडे. काही नाही म्हणजे आत कुणी नाही, म्हणजे खुशाल कापावं. पण सावळारामचा चेहरा उतरला. एवढे शुक्रवार तो ज्या उत्तराला कंटाळला होता तेच आता येत नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत गेल्या उन्हाळ्याची ती दुपार उभी राहिलेली नूरैनला दिसली. ती पुढे येऊन काही बोलणार, इतक्यात त्याने हात वर करून तिला अडवलं.

एक ठोका. मग थोडं थांबून, माणूस पाय दुमडून, मान आत घेऊन, नीट बसेल इतकं थांबून, दुसरा.

खाली बसलोय. चालव.

सावळारामने चाक लावलं. सगळे खांब कापायला सबंध सकाळ गेली. त्याचा हात एकदाही थरथरला नाही. टप दोघांनी उचलून बाजूला ठेवला तेव्हा गाडी उघड्या नावेसारखी दिसत होती आणि ऊन थेट आत पडलं होतं. सीटवर गोणपाट होतं. त्यातून वाफ निघत होती. ते सपाट पसरलेलं नव्हतं. दोघांनी ते पाहिलं, आणि सावळाराम म्हणाला की आता लवकर टप चढवू, उघड्यावर ठेवायला नको.

गाडी निघाली ती पुन्हा एका शुक्रवारी, पहाटेची रहदारी सुरू व्हायच्या आत. अशी गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी आहे का, हे नूरैनने कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती. सिराजचाचा फाटकाशी उभे होते. खडूच्या चित्रासारखीच झालीय, एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत आत गेले. सावळाराम मागच्या सीटवर बसला. मागे टप इतका खाली होता की त्याला मान खांद्यात घालून, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागलं. नूरैनने त्याला एकदाही पुढे ये म्हटलं नाही.

धामणकर नाका ओलांडताना रिक्षावाले उभे राहून बघत होते. गाडी छान चालली. फक्त एक होतं. सपाट रस्त्यावरही ती डावीकडे दबत होती. नूरैनने स्टिअरिंग सावरलं, हवा कमी आहे का म्हणून एकदा उतरून टायर पाहिले. हवा बरोबर होती. ती पुन्हा बसली आणि आरशातून सावळारामला ओठांनी म्हणाली की दिघाशीला गेल्यावर डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याला एक पान जास्त घालू. सावळाराम म्हणाला, दोन घाल.

दिघाशीला सावळारामची बायको ठकुबाई अंगणात ताट घेऊन उभी होती. नवी गाडी घरी आली की ओवाळायचं, मग ती कितीही जुनी असो. तिने चाकाखाली नारळ ठेवला. नूरैनला कुंकू चालेल का असा तिच्या मनात विचार आला असावा, कारण तिने तिच्या कपाळाला न लावता नुसतं ओवाळलं आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून कानाशी मोडली. मग तिचं लक्ष मागे गेलं. तिथे तिचा नवरा गाठोड्यासारखा दुमडून बसला होता.

“अवो, असं काय बसलाव? पुढं मोकळी हाय की जागा.”

सावळारामने तिचे ओठ वाचले आणि नूरैनकडे पाहिलं. बोलली नूरैन.

“काकी, पुढे जागा नाही.”

ठकुबाई हसली. पोरीची काहीतरी थट्टा असेल म्हणून हसतच ताट घेऊन गाडीला वळसा घालून डावीकडे आली, आणि खाली वाकून, काचेतून आत बघितलं.

ताट तिच्या एका हातात होतं. ज्योत सरळ होती. तिचा दुसरा हात सावकाश मागे गेला, आणि घरी मोठं माणूस आलं की घेते तसा तिने पदर डोक्यावर घेतला.